तेल, घासलेट आणि वायू : सुरतेच्या निमित्ताने

सुरत हे नाव कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते इ. स. १६६४ च्या जानेवारीतील मोजके पाच-सहा दिवस. मोगली साम्राज्याचे हे धनाढ्य बंदर शिवछत्रपतींनी त्या दिवसांत लुटले आणि सन १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा एकदा त्याचा समाचार घेतला. शाळेतील पाठामुळे आपल्या मनात सुरत म्हणजे सोने, मोती आणि रेशीम असे समीकरण कायमचे बसले आहे. परंतु ज्या संपत्तीमुळे हे शहर गेल्या चाळीस वर्षांत देशाच्या नकाशावर नव्याने ठळक झाले, ती यांपैकी कोणतीही नव्हे. ती डोळ्यांना दिसत नाही, तिला स्वतःचा वास नाही, आणि ती तिजोरीत ठेवता येत नाही.

काही कामानिमित्त आम्हांस सुरतेस जाणे घडले, तेव्हा तापीच्या मुखाजवळील हजिऱ्याकडे एका सायंकाळी आमची फेरी झाली. शेजारीच सुवाळी आहे. इंग्रजांची गलबते याच सुवाळीच्या आश्रयाला नांगर टाकीत, आणि सन १६१२ मध्ये पोर्तुगीजांशी त्यांची चकमक झाली तीही येथेच. आता त्या किनाऱ्याजवळ धुराड्यांची रांग आहे, आणि अंधार पडू लागला की उंच नळीच्या टोकाशी जळणारी ज्वाला दुरून दिसते. आमच्या सोबत उधन्यास स्थायिक झालेले मूळचे खानदेशातील एक गृहस्थ होते. (उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशी मराठी इतकी ऐकू येते की आपण जळगावातच आहो असा भास व्हावा.) त्या ज्वालेकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “वकीलसाहेब, हे तेल जळते आहे की ग्यास? आणि दोन्ही जमिनीतूनच निघते, तर मग फरक तो काय?”

प्रश्न साधा होता. पण हाच प्रश्न, किंचित निराळ्या शब्दांत, सन २००१ पासून २००४ पर्यंत आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता, आणि तो उद्भवला होता गुजरातेतच. त्याचे उत्तर समजून घ्यावयाचे तर आधी आपण वापरतो त्या शब्दांकडे वळले पाहिजे, कारण घोटाळा तेथूनच सुरू होतो.

‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ यावरून आला आणि तैल म्हणजे तिळापासून झालेले. मूळ अर्थाने पाहता तिळाचे तेल ही द्विरुक्ती आणि खोबऱ्याचे तेल ही विसंगती ठरेल. परंतु भाषा व्युत्पत्तीचे ऐकत नाही. जे जे स्निग्ध, पातळ आणि जळणारे ते ते तेल झाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून एक नवा जळाऊ पदार्थ आपल्या बंदरांत उतरला, तेव्हा त्यासही आपण तेलच म्हटले, मागे फक्त एक विशेषण लावून. ‘रॉकेल’ म्हणजे रॉक ऑइल, खडकाचे तेल. युरोपीय भाषांतील ‘पेट्रोलियम’ या शब्दाचा अर्थही नेमका हाच, पेत्रा म्हणजे खडक आणि ओलियम म्हणजे तेल. म्हणजे आपल्या आजीच्या तोंडचे रॉकेल आणि सरकारी मंत्रालयाच्या पाटीवरील पेट्रोलियम हे एकाच अर्थाचे दोन शब्द होत. ‘घासलेट’ची कथा याहून गमतीची. तो इंग्रजीतील गॅसलाइट या जोडशब्दाचा अपभ्रंश. मुंबईच्या रस्त्यांवर सन १८६५ मध्ये वायूचे दिवे लागले, आणि त्या लखलखाटाचे नाव लोकांनी डब्यातल्या द्रवाला देऊन टाकले. जो पदार्थ वायू नव्हे त्याला वायूच्या दिव्याचे नाव, आणि जो तिळाचा नव्हे त्याला तेलाचे. घोटाळा झाला तो असा.

वास्तविक देवापुढील समईतील तेल आणि कंदिलातील रॉकेल यांची जात निराळी आहे. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा वायू हे सारे हायड्रोकार्बन, म्हणजे केवळ कर्ब आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांच्या अणूंनी बनलेले पदार्थ. कर्बाचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार मिळून मिथेन होतो. कर्बाचे दोन घेतले की इथेन, तीन की प्रोपेन, चार की ब्युटेन. या साध्या साखळीत नियम एकच : कर्बाचे जितके अणू, त्याच्या दुपटीत दोन मिळवावे, तितके हायड्रोजनचे. साखळी जसजशी लांब होते तसतसा पदार्थ जड होत जातो आणि उकळावयास अधिक उष्णता मागतो. मिथेन शून्याखाली १६२ अंशांवरच उकळतो, प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांवर, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. सहा कर्बअणूंचा हेक्झेन मात्र ६९ अंशांपर्यंत द्रवच राहतो. रॉकेलात साधारण दहा ते सोळा कर्बअणूंच्या साखळ्या असतात. त्याहून पुष्कळ लांब झाल्या म्हणजे मेण, आणि सर्वांच्या तळाशी डांबर.

तिळाच्या वा खोबऱ्याच्या तेलातही कर्ब-हायड्रोजनच्या लांब साखळ्या आहेत, परंतु त्या तीन-तीनच्या जुडीने ग्लिसरिनला बांधलेल्या असतात आणि त्या गाठीच्या जागी प्राणवायूचे अणू असतात. या गाठीमुळेच सगळे बदलते. असे तेल सहजासहजी वाफ होत नाही. जळती काडी तेलाच्या वाटीत पडली तर ती विझते, तेल पेटत नाही. ज्योत लागते ती वातीच्या टोकाशी, कारण तेथे तेल थेंबाथेंबाने वर चढून आचेने फुटते आणि त्याचा वायू होऊन जळतो. रॉकेलचे तसे नाही. ते थोडे तापले की त्याच्या पृष्ठावर जळाऊ वाफ जमू लागते, आणि पेट्रोलच्या बाबतीत तर भर थंडीतही ही वाफ तयारच असते. कायद्याने हीच खूण धरली आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात, आज तो ज्या स्वरूपात आहे त्याप्रमाणे, ज्या तपमानास ही वाफ ठिणगीने पेट घेते त्यावरून तीन वर्ग केले आहेत : २३ अंशांखालचे पहिल्या वर्गात, २३ ते ६५ अंशांचे दुसऱ्यात, ६५ ते ९३ अंशांचे तिसऱ्यात. पेट्रोल पहिल्या वर्गातले, रॉकेल दुसऱ्या. समईतले तेल या कायद्याच्या कक्षेत येतच नाही.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडील देवळांत रॉकेलचा कंदील सभामंडपापर्यंत आला, पण गाभाऱ्यात गेला नाही. नंदादीप तिळाचा, तुपाचा किंवा गोमंतकात खोबरेलाचाच राहिला. दिवजोत्सवातील दिवल्यांतही घासलेट कोणी घातले नाही. नव्या शिक्षणाच्या पहिल्या पिढीने या सोवळेपणाची थट्टा केली. आमच्या मते त्या थट्टेत घाई झाली. रॉकेलला नीट जळावयास हवेचा जोराचा ओढा लागतो, म्हणून कंदिलाला काच असते. उघड्या वातीवर ते जाळले की अर्धवट जळालेला कर्ब काजळी होऊन उडतो, आणि त्यातील गंधकाच्या व इतर उग्र घटकांचा वास कोंदट जागेत साचून राहतो. ज्या गर्भगृहास खिडकी नाही, जेथे दिवा अहोरात्र तेवावयाचा आणि तो लवंडला तरी आग पसरू नये, तेथे वनस्पतीचे तेलच योग्य होते. पुजाऱ्यांना रसायनशास्त्र येत नव्हते, परंतु दिवा कसा वागतो हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते.

तथापि, यावरून कोणी असे म्हणू लागले की जमिनीतून निघणारा स्निग्ध पदार्थ मुळातच अपवित्र आणि हिंदूंच्या उपासनेस परका, तर ते खरे नाही. कांगड्यातील ज्वालामुखी देवीच्या स्थानी मूर्ती नाही. खडकाच्या भेगांतून निघणारी ज्योत हीच देवी. ती ज्योत भूगर्भातील नैसर्गिक वायूची आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने जी पहिली खोल विहीर खणावयास घेतली ती याच ज्वालामुखीच्या परिसरात, सन १९५७ मध्ये. व्यापारास पुरेल इतका साठा तेथे मिळाला नाही; देवीची ज्योत तेवढी राहिली.

आणि याहून विलक्षण उदाहरण आहे ते कास्पियन समुद्राच्या काठचे. बाकू शहरापासून जवळच सुराखानी म्हणून एक गाव आहे. तेथे जमिनीतून आपोआप निघणाऱ्या अग्नीभोवती एक चौक आहे, त्याच्या सभोवती साधूंच्या व यात्रेकरूंच्या कोठड्या आहेत, आणि त्या कोठड्यांच्या दारांवर देवनागरी व गुरुमुखी लिपींतील शिलालेख कोरलेले आहेत. एक लेख फारसीतही आहे. काही लेख गणेशवंदनाने आरंभ होतात आणि ज्वालाजीचे नाव घेतात. एकावर विक्रम संवत् १८०२, म्हणजे इ. स. १७४५ च्या सुमाराचा निर्देश आहे. मुलतान व पंजाबकडील व्यापारी त्या काळी मध्य आशियात आणि कास्पियनच्या काठी दूरवर पसरले होते. त्यांनी आपले देऊळ तेथे उभारले. पोटासाठी परदेशी जावे आणि जाताना देव बरोबर न्यावा, हा प्रकार आपल्या वाचकांना, विशेषतः सारस्वत घराण्यांना, समजावून सांगण्याची गरज नाही. या व्यापाऱ्यांना देव न्यावाही लागला नाही, तो तेथे भूमीतून वर येऊन त्यांची वाट पाहत होता.

पुढे काय झाले ते मात्र मनाला चटका लावणारे आहे. सन १८५९ मध्ये त्या देवळाच्या शेजारीच रॉकेल गाळण्याचा कारखाना निघाला. बाकूच्या तेलाला जगभर मागणी आली, आणि १८८० नंतरच्या वर्षांत त्याच भूमीतील रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून मुंबई बंदरात उतरू लागले. मुलतानी साधू ज्या अग्नीपुढे बसत त्याचेच सगोत्र द्रव्य अशा रीतीने येथील घराघरांत चिमणीत जळू लागले, आणि त्याला सोवळ्यात स्थान नव्हते! भूगर्भातील दाब उपशाने घटत गेला आणि सन १९६९ मध्ये सुराखानीची नैसर्गिक ज्योत विझली. आज तेथे जी ज्योत प्रवाशांना दाखवितात, ती बाकूहून नळाने आणलेल्या वायूवर जळते.

सुरतेकडे परतू. या शहराला जळाऊ पदार्थांच्या उग्रपणाचा अनुभव रॉकेल येण्याच्या आधीच मिळाला होता. २४ एप्रिल १८३७ रोजी सायंकाळी माछलीपीठ भागात आग लागली. एका घरातील उकळत्या डांबराचे भांडे तिला कारण झाले असे सांगतात. गलबतांच्या फटी बुजविण्यास बंदराच्या गावी डांबर सर्वत्र लागे, आणि घरे लाकडाची होती. आग विझेपर्यंत नऊ हजारांहून अधिक घरे आणि शेकडो माणसे गेली. त्या काळचे डांबर लाकडाचे वा कोळशाचे असो वा खनिज असो, तत्त्व तेच. थंड असता दगडासारखा निर्जीव दिसणारा हा पदार्थ तापला की त्यातून जळाऊ वाफा निघतात. व्यापार आधीच मुंबईकडे सरकला होता, तशात शहरावर हा घाव बसला. सन १६६४ ची लूट सुरतेने पचविली; १८३७ च्या आगीतून सावरावयास तिला फार काळ लागला.

गुजरातच्या भूमीत खनिज तेल आहे हे सिद्ध झाले ते सन १९५८ मध्ये, खंबातजवळील लुणेज येथे. देशात त्यापूर्वी तेल निघे ते आसामातील दिग्बोईच्या बाजूस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. परकीय कंपन्यांचे तज्ज्ञ इतरत्र फारसे काही मिळणार नाही असे सांगत असता केशवदेव मालवीय यांनी हट्टाने शोध चालू ठेवला, रशियन व रुमानियन तंत्रज्ञांचे साह्य घेतले, आणि लुणेजने त्यांचा हट्ट खरा केला. त्या वेळी खंबात द्वैभाषिक मुंबई राज्यातच मोडत होते. पुढे १ मे १९६० रोजी राज्याचे दोन भाग झाले, सुरत गुजरातेत गेली, आणि त्याच वर्षी सुरतेपासून पन्नास-साठ किलोमीटरांवर, नर्मदेच्या दक्षिण तीरी अंकलेश्वर येथे तेलाचे मोठे क्षेत्र लागले. वाटणीनंतर भावाच्या वाट्याच्या शेतात हंडा निघावा तसे हे झाले. आम्हांस त्याचा मत्सर वाटत नाही. परंतु एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. खंबातच्या खोऱ्यातील तेलाचे थर ज्या पाषाणावर बसलेले आहेत, तो तळचा काळा पाषाण दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. रायगड आणि राजगड ज्या कातळावर उभे आहेत, तोच कातळ तेथे जमिनीखाली खोल बुडालेला आहे. त्यावर सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा गाळ साचला. त्या गाळात पुरलेल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष दाबाने व उष्णतेने, प्राणवायूवाचून, शिजत राहिले, आणि त्यांचेच तेल व वायू झाले. म्हणजे ‘खडकाचे तेल’ हेही नाव चूकच. खडकाने ते साठविले. ते घडविले जिवांनी.

विहिरीतून वर येते ते कच्चे तेल म्हणजे शेकडो निरनिराळ्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण, आणि त्या स्थितीत ते फारसे कोणाच्याच उपयोगी नसते. त्यास तापवून उंच स्तंभात सोडतात. हलक्या साखळ्या वाफेच्या रूपाने वर चढत जातात आणि ज्याच्या त्याच्या उत्कलनबिंदूप्रमाणे निरनिराळ्या उंचीवर थंड होऊन द्रव बनतात : शिखराशी वायू, त्याखाली पेट्रोल व नॅफ्था, मग रॉकेल, मग डिझेल, आणि तळाशी न उडालेला जड गाळ, ज्यातून डांबर काढतात. अंकलेश्वरचे तेल बडोद्याजवळच्या कोयली येथील शुद्धीकरण कारखान्यात जाऊ लागले. तो कारखाना सन १९६५ मध्ये चालू झाला. एकाच पदार्थातून रस्त्यावरचे डांबर आणि विमानाचे इंधन दोन्ही निघतात याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. फरक साखळीच्या लांबीचा आहे.

हजिऱ्याचे नशीब उघडले ते यानंतर, आणि ते समुद्राच्या बाजूने. सन १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर भर समुद्रात तेल शोधले; तेच मुंबई हाय. त्याच्या पाठोपाठ दक्षिण वसई नावाचे वायूचे प्रचंड क्षेत्र हाती आले. सरकारी कागदोपत्री त्याचे नाव ‘बसीन’ असे आढळते. पोर्तुगीजांनी वसईचे केलेले रूप इंग्रजांनी उचलले, आणि आपल्या अधिकाऱ्यांनी इंग्रजांकडून. चिमाजी अप्पांनी सन १७३९ मध्ये जी वसई घेतली तिचेच हे नाव. हा वसईचा वायू समुद्रतळावरील दोनशे किलोमीटरांहून लांब नळाने सुरतेच्या किनाऱ्यावर हजिऱ्यास आणण्यात आला, आणि सन १९८५ च्या सुमारास तेथील शुद्धीकरण केंद्र चालू झाले.

हा वायू जसा येतो तसा वापरता येत नाही. त्यात मुख्य भाग मिथेनचा, परंतु त्याच्याबरोबर गंधकयुक्त हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि काही द्रव हायड्रोकार्बनही असतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो. अल्प प्रमाणात तो वासाने कळतो, पण प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर करतो आणि मग सावध न होता माणूस मरतो. अशा वायूस तेथील कामगार ‘सॉवर’ म्हणतात आणि तो काढून टाकण्याच्या क्रियेस ‘स्वीटनिंग’. आंबट आणि गोड ही नावे कोणी चाखून ठेवली असतील असे वाटत नाही! वायू एका विशिष्ट द्रावणातून नेला की ते द्रावण हायड्रोजन सल्फाइड शोषून घेते. पुढे त्यापासून गंधक वेगळे काढतात. मग पाणी काढावयाचे, मग गारव्याने प्रोपेन व ब्युटेन वेगळे करून त्यांचा स्वयंपाकाचा वायू करावयाचा, आणि उरलेला शुद्ध मिथेन पुढे पाठवावयाचा. हजिऱ्यासच कृभको या सहकारी संस्थेचा खतकारखाना आहे. तेथे मिथेनवर वाफेची क्रिया करून हायड्रोजन मिळवितात, त्याचा हवेतील नायट्रोजनशी संयोग घडवून अमोनिया, आणि अमोनियापासून युरिया. ज्याला आपण इंधन म्हणतो ते येथे जाळण्यासाठी नसून अन्नासाठी आहे. उरलेल्या वायूसाठी हजिऱ्यापासून मध्य प्रदेशातील विजयपूर आणि उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत सतराशे किलोमीटरांच्या आसपास नळ टाकण्यात आला. कोणे एके काळी दिल्लीची रसद सुरतेहून जात असे. वायूची रसद पुन्हा त्याच दिशेने जाऊ लागली.

येथे वकिलाचे काम सुरू होते. ही संपत्ती कोणाची? समुद्रातील वायूविषयी उत्तर सोपे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे सागरी हद्दीतील आणि खंडीय उथळ तळावरील खनिजे संघराज्याच्या ठायी निहित आहेत. त्यामुळे वसईच्या नावाचा वायू ना महाराष्ट्राचा ना गुजरातचा. परंतु तो किनाऱ्यावर आल्यावर त्याच्या वाटपाचे नियमन कोणी करावे? गुजरात विधानमंडळाने सन २००१ मध्ये वायूचे वहन, पुरवठा आणि वितरण यांचे नियमन करणारा कायदा केला. राज्याचा आधार होता संविधानाच्या राज्यसूचीतील पंचविसावी नोंद, ‘गॅस आणि गॅस-वर्क्स’. केंद्राचा आधार संघसूचीतील त्रेपन्नावी नोंद, जीत तेलक्षेत्रे, खनिज तेलसंपत्ती, पेट्रोलियम व त्याचे पदार्थ यांचा समावेश आहे. राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले. म्हणजे आमच्या खानदेशी मित्राचाच प्रश्न : हे तेल की ग्यास?

पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २५ मार्च २००४ रोजी मत दिले. त्याचा गाभा आम्हांस असा दिसतो. ‘गॅस-वर्क्स’ हा शब्दप्रयोग १९३५ च्या कायद्यातून संविधानात आला. त्या काळी गॅस म्हणजे कोळसा बंद भांड्यात भाजून तयार केलेला वायू. मुंबईत बॉम्बे गॅस कंपनी असाच वायू करून नळाने पुरवीत असे, आणि त्याच वायूच्या लखलखाटाने आपल्याला घासलेट हा शब्द दिला! तो वायू हायड्रोजन, मिथेन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण असून कारखान्यात घडतो. नैसर्गिक वायू तसा नव्हे. तो तेलाबरोबर वा तेलासारखाच भूगर्भात साठलेला हायड्रोकार्बन आहे, आणि व्यापक अर्थाने पेट्रोलियमचाच एक प्रकार आहे. म्हणून नैसर्गिक वायू, मग तो थंड करून द्रवरूप केलेला असला तरीही, संघसूचीतील विषय होय, आणि गुजरातचा कायदा नैसर्गिक वायूपुरता राज्याच्या अधिकाराबाहेरचा होय.

निर्णय आम्हांस योग्य वाटतो. चार राज्यांतून जाणाऱ्या नळावर चार कायदे लादणे शहाणपणाचे झाले नसते. तरी एक विसंगती राहतेच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात पेट्रोलियमची व्याख्या द्रव हायड्रोकार्बनावर आधारलेली आहे, तर १९४८ च्या तेलक्षेत्रांच्या कायद्यात खनिज तेल या संज्ञेत नैसर्गिक वायू धरलेला होता. म्हणजे एका कायद्यात वायू हा पेट्रोलियम नव्हे, दुसऱ्यात वायू हे चक्क तेल, आणि संविधानाच्या अर्थाने वायू पेट्रोलियममध्ये समाविष्ट. सन २०२५ च्या दुरुस्तीने १९४८ च्या कायद्यातील व्याख्या निसर्गतः आढळणाऱ्या हायड्रोकार्बनांच्या आधारे नव्याने मांडली. नव्वद वर्षांच्या कायद्यांतून वाट काढीत आपण शेवटी शाळेच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातील शब्दाशी येऊन पोहोचलो.

हाच नावांचा घोटाळा आज आपल्या देवस्थानांच्या पाकशाळांत आहे, आणि तेथे तो न्यायालयाची वाट पाहत नाही. सिलिंडरमधील प्रोपेन-ब्युटेनही ‘ग्यास’ आणि सुरतेसारख्या शहरांत नळाने येणारा मिथेनही ‘ग्यास’. परंतु मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, गळला की छताकडे जाणारा. सिलिंडरमधील वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, गळला की पाण्यासारखा फरशीवरून वाहत खोलगट जागी साचणारा. दोघांनाही मूळचा वास नाही. गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. नळाच्या वायूसाठी झरोका वर हवा, सिलिंडरसाठी जमिनीलगत. दोहोंच्या शेगड्यांची छिद्रेही निराळ्या मापाची असतात. एकीची दुसरीस चालत नाही. गेल्या वर्षी एका देवस्थानात अन्नसंतर्पणाच्या प्रसंगी आम्ही पाहिले की भरलेले सिलिंडर सभागृहाखालच्या तळघरात ठेवले होते, आणि खोलीस एकच झरोका होता, तोही छताजवळ. व्यवस्थापकांनी मोठ्या विश्वासाने सांगितले की वायू वर जातो, म्हणून झरोका वर ठेविला आहे. आम्ही विश्वस्तांना पत्र लिहिले. सिलिंडर आता मागील अंगणातील जाळीच्या खोलीत आहेत, आणि तळघरात पूर्वीप्रमाणे समयांची पेटी आणि तिळाच्या तेलाचे डबे ठेवतात.